वसईहून आरोग्यमातेकडे

सोमवार, ६ फेब्रुवारी

निघायच्या दिवशी सकाळची मिस्सा (देवळातली सामूहिक उपासना) संत गोन्सालो गार्सियाच्या स्मरणार्थ झाली. तारीखच तशी होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत जे सव्वीस जण क्रूसावर गेले, त्यांत वसईत जन्मलेला गोन्सालोही होता, आणि त्या हुतात्म्यांचा स्मरणदिन चर्च ६ तारखेला पाळते. फादरांनी प्रवचन लांबवलं नाही. "हा आपल्या गावचा मुलगा समुद्रापलीकडे गेला तो परतला नाही. तुम्ही परतणार आहात. तेव्हा जाताना जे येऊ शकत नाहीत त्यांचं म्हणणं घेऊन जा," एवढंच म्हणाले.

त्याची तयारी आधीपासूनच चालू होती. देवळाच्या दारात एक खोका ठेवला होता आणि धर्मग्रामातल्या ज्यांना तमिळनाडूतल्या आरोग्यमातेच्या देवळाला, वेलंकनीला, येणं शक्य नव्हतं, ते त्यात आपल्या विनंत्या लिहून टाकत होते. परीक्षा, लग्न, जमिनीचे वाद, आजारपणं, आखातातली नोकरी, कुणाचं दारूचं व्यसन. चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत असं ठरलं होतं. खोका रिकामा करून त्या एका शिवलेल्या पांढऱ्या पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्याकडे दिली. मिस्सेनंतर शेजारच्या वहिनी आल्या आणि त्यांनी एक वेगळा लिफाफा माझ्या हातात ठेवला. त्यांची मुलगी मागच्या पावसाळ्यात कर्करोगाने गेली. तिच्यासाठी त्यांनी वेलंकनीमातेचा नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, किती वेळा केला ते आमच्या आळीला माहीत आहे. म्हणाल्या, "यात काही मागितलेलं नाही. मातेला फक्त सांग, मी अजून रोजरी म्हणते."

संध्याकाळी सामानासकट वसई रोडहून लोकल धरली. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनी लाल लुगडी नेसली होती. दादरला फलाटावर लोक वळून बघत होते आणि आज्या ताठ मानेने बसल्या होत्या. रात्रीच्या चेन्नईच्या गाडीत सामान लागलं आणि कर्जतच्या आधीच रोजरीतली, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेतली, आनंदाची रहस्ये म्हणून झाली.

मंगळवार

सोलापूर झोपेत गेलं. वाडी स्टेशनला आम्हाला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काळी जमीन आणि तुरीची खळी दिसत होती. रायचूरच्या आधी कृष्णा ओलांडली, नंतर तुंगभद्रा. प्रत्येक मोठी नदी आली की आमच्यातली एक आजी क्रूसाची खूण करायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

जेवणाचे डबे उघडले. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, उकडलेली अंडी आणि आगाशीची सुकेळी. आमच्या समोरच्या बाकांवर सोलापूरकडचं एक कुटुंब होतं, ते रेणिगुंट्याला उतरून तिरुपतीला चाललं होतं. धाकट्या मुलाचं जावळ बालाजीला द्यायचं होतं. सुकेळी त्यांना फार आवडली. दुपारी आम्ही जपमाळ हातात घेतली तेव्हा त्या घरातल्या आजीने सगळ्यांना गप्प केलं आणि ती स्वतः शेवटपर्यंत हात जोडून बसली. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुमची माता कशाला पावते? आजारपणाला, असं मी म्हटलं. तिच्या सुनेला वरचेवर फिट येत होत्या. आजीने वहीचं पान फाडलं, नातवाकडून मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या आणि घडी करून मला दिली. वर म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी मेणबत्ती लावा, आम्ही तुमच्यासाठी गोविंदाचं नाव घेतो." ती चिठ्ठीही पिशवीत गेली. फादरांना सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली आणि पिशवीची नाडी स्वतः घट्ट बांधली.

चेन्नईला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. एका कॉन्व्हेंटच्या निवासात जागा मिळाली होती. सिस्टरांनी गरम रसम-भात वाढला आणि आम्ही आडवे झालो.

बुधवार

चेन्नईत एक दिवस थांबायचं हा फादरांचा आग्रह होता, आणि तो योग्य होता. भारतातल्या आमच्या श्रद्धेची मुळं शोधायला पोर्तुगिजांपाशी थांबून चालत नाही, त्याच्याही खूप मागे जावं लागतं. परंपरेनुसार प्रेषित थॉमस इ.स. ७२ मध्ये इथे हुतात्मा झाला आणि मयिलापूरला त्याला पुरलं. त्या कबरीवर आज सान थोमे बॅसिलिका उभी आहे. आताची पांढरी, उंच मनोऱ्याची इमारत १८९६ मध्ये पूर्ण झाली. कबरीपाशी जायला खाली उतरावं लागतं. तिथे एक लहान, शांत चॅपेल आहे. येशूच्या जखमेत बोट घालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा हाच तो शिष्य. शंका घेणाऱ्या माणसाकडून या देशाला श्रद्धा मिळाली, याचं मला नेहमी बरं वाटतं.

बॅसिलिकेतच मयिलै मातेची लाकडी मूर्ती आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४५ मध्ये मयिलापूरला राहिले होते, तेव्हा ते या मूर्तीपुढे प्रार्थना करत असं मानतात. आमच्या वसईच्या देवळांतून झेवियर म्हणजे घरचाच माणूस, त्यामुळे आज्यांनी तिथून हलायला बराच वेळ घेतला.

जवळच लझ चर्च आहे, प्रकाशमातेचं. १५१६ साल कोरलेली ही वास्तू शहरातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती देवळांपैकी एक. वादळात वाट चुकलेल्या पोर्तुगीज खलाशांना किनाऱ्यावर एक दिवा दिसला, त्यामागोमाग ते इथवर आले आणि दिवा नाहीसा झाला, अशी तिची कथा. वेलंकनीचीही एक कथा अशीच खलाशांची आहे. तिकडे जायच्या आधी ही ऐकली ते बरं झालं. समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी मरियेला आपली मानणं अगदी साहजिक आहे. आमच्या अर्नाळ्या-पाचूबंदरच्या होड्यांवर तिचं नाव रंगवलेलं असतंच.

दुपारी सेंट थॉमस माउंट. पायऱ्या चढून वर गेलं की १५२३ मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेलं छोटं देऊळ लागतं. वेदीत एक जुना दगडी क्रूस बसवलेला आहे, त्यावर पहलवी या जुन्या इराणी लिपीत मजकूर कोरला आहे. १८ डिसेंबर १५५८ रोजी मिस्सा चालू असताना या क्रूसावर रक्ताचे थेंब आले, असं त्या काळापासून सांगत आले आहेत. टेकडीवरून विमानतळाची धावपट्टी दिसते. मुलांनी विमानं मोजली, मोठ्यांनी गौरवाची रहस्ये म्हटली.

गुरुवार

पहाटे बस निघाली. पूर्व किनाऱ्याचा रस्ता, डावीकडे मधूनमधून समुद्र. पुदुच्चेरीला रेल्वे स्टेशनसमोरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या बॅसिलिकेत अर्धा तास थांबलो. रंगीत काचांच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन आत आलं होतं.

चिदंबरमनंतर कोळ्ळिडम नदी ओलांडली आणि कावेरीचा सपाट मुलूख सुरू झाला. भाताची कापणी उरकत आली होती. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच भात वाळत घातलं होतं आणि बस त्याला वळसा घालून जायची. आमच्या वसईला पूर्वी असाच भाताचा आणि केळींचा मुलूख म्हणून ओळखायचे. आता तिथे इमारती आहेत. त्यामुळे बसमधले म्हातारे खिडकीला चिकटून पिकाची नावं, बांधाची उंची, पाण्याची पाटं यांवर बोलत राहिले. गायन मंडळातल्या पोरांना गाणी म्हणायची होती, पण त्या दिवशी शेतीचीच सरशी झाली.

तरंगंबाडी, कारैकल, नागूर. नागूरला शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. बसचा ड्रायव्हर हिंदू होता. तो म्हणाला, इकडची माणसं नवस बोलताना फरक करत नाहीत, नागूरला येणारे वेलंकनीला जातात आणि वेलंकनीचे नागूरला. नागपट्टिनम गेलं आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर, नारळीच्या वर, पांढरे मनोरे दिसले. सगळी बस एकदम उभी राहिली. फादरांनी "नमो मारिया" सुरू केलं, पण पहिल्या ओळीनंतर पुढे म्हणणारे मोजकेच होते. बाकीच्या जणी रडत होत्या.

सामान देवस्थानच्या निवासात टाकलं आणि तशाच प्रवासाच्या कपड्यांत आत गेलो. वेदीवर, उंचावर, चंद्रकोरीवर उभी असलेली जरीच्या साडीतली माता, हातात बाळ येशू. मी काय मागणार होते ते आठवेना. रांग पुढे सरकत होती, बाजूने तमिळ, मल्याळम, तेलुगू प्रार्थना येत होत्या आणि मध्येच कुणी मोठ्याने "मरिये वाळ्ग", मरियेचा जय असो, म्हणत होतं.

शुक्रवार

पहाटे मातेच्या तळ्याकडे गेलो. वेलंकनीची पहिली कथा इथली. नागपट्टिनमला मालकाकडे दूध घेऊन जाणारा एक गुराखी मुलगा तळ्याकाठी वडाखाली विसाव्याला थांबला. तिथे एका बाईने आपल्या बाळासाठी दूध मागितलं. त्याने दिलं, आणि उशीर झाला, दूध कमी भरेल म्हणून घाबरत मालकाकडे गेला, तर मडकं काठोकाठ भरलेलं. दुसरी कथा नडुत्तिट्टू या जागेची. एका गरीब विधवेचा पांगळा मुलगा तिथे झाडाच्या सावलीत ताक विकायचा. त्याच्याकडे त्या बाईने ताक मागितलं आणि नागपट्टिनमच्या एका ख्रिस्ती सावकाराला निरोप सांगायला पाठवलं. आपण पायाने धावतो आहोत हे मुलाला वाटेत कळलं. सावकाराने तिथे झावळ्यांचं पहिलं चॅपेल उभारलं. तिसरी कथा सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज खलाशांची. मकावहून कोलंबोला जाणारं त्यांचं गलबत वादळात सापडलं, त्यांनी मरियेचा धावा केला आणि ८ सप्टेंबरला, तिच्या जन्माच्या सणादिवशी, ते या किनाऱ्याला लागले. झावळ्यांच्या जागी त्यांनी पक्कं देऊळ बांधलं आणि पुढच्या खेपांत चिनी मातीच्या चित्रांच्या बशा आणून दिल्या. त्या निळ्या-पांढऱ्या बशा आजही वेदीपाशी आहेत.

या तिन्ही कथांत पहिल्या भेटी ज्यांना झाल्या ती दोन्ही मुलं गरीब होती. आणि मातेने आधी त्यांच्याकडे काहीतरी मागितलं. दूध मागितलं, ताक मागितलं. मी इतकी वर्षं या गोष्टी ऐकत आले, पण तळ्याच्या पायरीवर बसेपर्यंत हे माझ्या मनात आलं नव्हतं. आम्ही पिशवीभर मागण्या घेऊन आलो होतो, आणि ती स्वतः मागत आली होती.

तळ्याला जाणारी वाळूची वाट पुष्कळ लोक गुडघ्यांवर चालत जातात. फादरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं की हे कुणावर बंधन नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर करूच नये. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने तो नवस सुनेच्या पहिल्या बाळंतपणात बोलला होता. तेव्हाचं ते बाळ आता कॉलेजात आहे आणि आमच्याबरोबर आलं होतं. आजी गुडघे टेकायला लागली तसं त्याने तिला धरून उभं केलं. म्हणाला, "माझाच नवस आहे ना, मग मी फेडतो." तो वाळूत उतरला. आजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून चालली आणि दर थोड्या वेळाने थांबून त्याच्या विजारीची वाळू झटकत राहिली. पोराने वाट पूर्ण केली. मला देवळातल्या कुठल्याही सोन्यारुप्यापेक्षा ते मोठं वाटलं.

तळ्याजवळच्या झाडाला धागे आणि लहान लहान पाळणे बांधलेले आहेत, मूल व्हावं म्हणून. मुंडण करून आलेली माणसं सगळीकडे दिसतात, त्यांतली कितीतरी हिंदू. मला गाडीतल्या त्या जावळवाल्या मुलाची आठवण झाली आणि आजीला शब्द दिला होता त्याप्रमाणे मेणबत्ती लावली. दुपारी नवसाच्या वस्तू ठेवलेल्या संग्रहालयात गेलो. चांदीचे हात, पाय, डोळे, घराच्या प्रतिकृती. प्रत्येक वस्तूमागे कुणाचं तरी बरं झालेलं दुखणं.

संध्याकाळी समुद्र. दुकानांच्या रांगांतून, शंखशिंपल्यांच्या आणि मेणाच्या मूर्तींच्या ढिगांतून वाट काढत वाळूवर गेलो. इथे २६ डिसेंबर २००४ ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्सुनामी आली. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात वेलंकनीच्या या किनाऱ्यावरचे शेकडो. पाणी देवळात शिरलं नाही, आत मिस्सेला असलेली माणसं वाचली, ही गोष्ट आमच्याकडे चमत्कार म्हणून सांगतात. मीही तशीच सांगत आले. पण वाळूवर उभं राहिल्यावर ती तेवढीच सांगता येईना. जे किनाऱ्यावर होते तेही मातेकडेच आले होते. कुणी मिस्सा आटोपून मुलांना लाटा दाखवायला आले असतील, कुणी नवस फेडून निघाले असतील. वाचलेल्यांवर तिची कृपा होती असं म्हणायचं असेल, तर गेलेल्यांनाही तिने कुशीत घेतलं असं म्हटल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. आम्ही लाटांकडे तोंड करून दुःखाची रहस्ये म्हटली. शुक्रवार होता. जपमाळेचं शेवटचं दशक फादरांनी त्या मृतांसाठी ठेवलं, आणि मी वहिनींच्या मुलीचं नाव मनात जोडलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

लूर्दच्या, म्हणजे फ्रान्समधल्या आजाऱ्यांच्या तीर्थातल्या, मातेचा सण. याच तारखेला चर्च जागतिक रुग्णदिनही पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ मध्ये जाहीर केला. पूर्वेचं लूर्द म्हणतात त्या ठिकाणी नेमका हा दिवस मिळावा म्हणून फादरांनी तारखा जुळवल्या होत्या. मराठी मिस्सेसाठी त्यांनी आधीच पत्र लिहून परवानगी घेतली होती आणि आम्हाला सकाळची वेळ मिळाली.

हजारो मैलांवर आल्यासारखं वाटत असताना कानावर "प्रभू तुम्हांबरोबर असो" पडलं आणि अंग सैल झालं. गायन मंडळाने वसईत दर शनिवारी म्हणतो तीच मरियेची गीतं म्हटली. दारातून जाणाऱ्या काही तमिळ बायका आत येऊन मागे उभ्या राहिल्या. शब्द कळत नव्हते तरी कुठे गुडघे टेकायचे, कुठे उभं राहायचं, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

अर्पणाच्या वेळी पिशवी घेऊन मी पुढे गेले. भाकर आणि द्राक्षरसाबरोबर ती वेदीपाशी ठेवली. वहिनींचा लिफाफा वर ठेवला होता. बाकी चिठ्ठ्यांमध्ये मागणी होती. या एका लिफाफ्यात, बरं न झालेल्या मुलीच्या आईचा निरोप होता. आरोग्यमातेला असे निरोप किती येत असतील! संग्रहालयात त्यांच्यासाठी कपाट नाही. चांदीचे हातपाय देणारे परत जाऊन साक्ष देतात, पण ज्यांचं माणूस गेलं आणि तरी ज्यांनी जपमाळ सोडली नाही, त्यांची साक्ष मला अधिक वजनाची वाटते. हे मी वेदीपुढेच ठरवलं की परतल्यावर वहिनींना सांगायचं.

मिस्सेनंतर फादरांनी आमच्यातल्या आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना तेलाचा अभ्यंग दिला. एक आजोबा, ज्यांची आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते आणि जे डॉक्टरांची परवानगी काढून, चेन्नईत एकदा यंत्रावर बसून इथवर आले होते, ते म्हणाले, "बरा होईन असं काही नाही. पण आता भीती नाही." पिशवी नंतर देवस्थानच्या विनंत्यांच्या पेटीत रिकामी केली.

उरलेला दिवस ज्याने त्याने आपापला घालवला. १९६२ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या देवळाला बॅसिलिकेचा दर्जा दिला, त्यानंतर मागच्या बाजूला लूर्दच्या धर्तीवर मोठा भाग जोडला गेला. तो आणि नवं प्रशस्त मॉर्निंग स्टार चर्च पाहिलं. २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरपर्यंत इथे मुंगीला वाट मिळत नाही. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेची गर्दी पाहिलेल्या आम्हालाही तेवढी गर्दी कल्पनेत बसेना. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांनी सण टाळून फेब्रुवारीतच यावं.

रविवार

सकाळची मिस्सा, मातेचा निरोप, आणि बस तंजावरकडे. वाटेत कुणीच फारसं बोललं नाही. तंजावरला मात्र पुन्हा सगळ्यांना कंठ फुटला. हे भोसल्यांचं तंजावर. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला मराठी लेख आहे. वसईच्या लाल लुगड्यातल्या आज्या त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि एका गाइडने त्यांना विचारलं, तुम्ही मराठा का? "मराठी. ख्रिस्ती," असं आजी म्हणाली. त्याला दोन्ही एकत्र ऐकून नवल वाटलं नाही. इथे सरफोजींना लहानपणी शिकवणारे श्वार्ट्झ हे मिशनरीच होते आणि त्यांच्या स्मरणार्थ राजांनी संगमरवरी शिल्प करवून घेतलं होतं, हे त्यानेच आम्हाला सांगितलं.

दुपारी पूंडी मातेचं देऊळ. इटलीहून आलेले जेझुइट फादर कॉन्स्टान्झो बेस्की यांनी अठराव्या शतकात ते उभारलं. तमिळ लोक त्यांना वीरमामुनिवर म्हणतात. त्यांनी संत योसेफावर तमिळमध्ये महाकाव्य लिहिलं. आपल्याकडे त्याच्या शंभर वर्षं आधी, १६१६ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी रचलेली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली गेली होती. परदेशातून आलेल्या या फादरांनी भाषा इतकी मनापासून शिकली की त्या भाषेनेच त्यांना ठेवून घेतलं. पूंडीला वेलंकनीची गर्दी नाही. विस्तीर्ण आवार, झाडं, आणि बाकांवर शांत बसलेली माणसं. ज्यांना गर्दीत प्रार्थना जमत नाही त्यांनी इथे एक रात्र मुक्काम जरूर करावा. आम्हाला वेळ नव्हता, रात्रीची चेन्नईची गाडी गाठायची होती.

परतीची वाट

चेन्नईहून मुंबईची गाडी, पुन्हा गुंटकल, पुन्हा कृष्णा. मातेच्या तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या सीटखाली नीट लावल्या होत्या आणि पोरं रात्री उठून त्या सांडल्या नाहीत ना ते बघत होती.

वसईला पोचल्यावर घरी सामान टाकलं आणि आधी वहिनींकडे गेले. त्यांना पिशवीची, वेदीची, समुद्राची, सगळी हकीकत सांगितली. लिफाफा सगळ्यांत वर ठेवला होता हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि पुढच्या यात्रेला किती पैसे भरावे लागतील ते विचारलं.

उपकारस्तुतीची मिस्सा येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आहे. त्यानंतर तळ्याचं पाणी वाटायचं आहे, येताना लहान बाटली आणावी. ज्यांच्या चिठ्ठ्या होत्या त्यांनी तर यावंच.